वाढदिवसाला बोलवत नाहीत

कुरेलाच्या पंचायतघराला कुलूप लागून चार महिने झाले, तरी गावातली माणसं विर्वेला सरपंचबाईच म्हणत. काहीजण सवयीने म्हणत, काहीजण मायेने. आर्वो मात्र निव्वळ डिवचायला म्हणे. पंचायतीचा बर्फ काढायचं काम वीस हिवाळे त्याच्याकडे होतं. पंचायत गेली आणि त्याचं कामही गेलं. ट्रॅक्टर तेवढा त्याचा स्वतःचा होता, म्हणून राहिला.

त्या दिवशी सकाळीच विर्वे त्याच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"काय सरपंचबाई, आज कुठली सभा?" आर्वो ट्रॅक्टरखालूनच म्हणाला.

"सभा नाही. जंगलातल्या घरी, तागामेत्साला जायचंय. आज एन्देलकाकांचा नव्वदावा वाढदिवस आहे."

आर्वो बाहेर आला, हात पुसले आणि तिच्याकडे बघत राहिला. "ते नव्या पंचायतीचं काम. हात वर करताना विचार करायचा होता."

विर्वेने ऐकून घेतलं. ऐकून घ्यायची आता तिला सवय झाली होती.

त्या हात वर करण्याची गोष्ट अशी. तालिन्नच्या, म्हणजे एस्टोनियाच्या राजधानीतल्या सरकारने ठरवलं, की पाच हजार माणसं नसतील तर ती पंचायत कसली? कुरेलात स्मशानातली धरली तरी तेवढी भरली नसती. आपण होऊन शेजारच्या मोठ्या पंचायतीत मिसळलात तर वर अनुदान, नाहीतर वर्षभराने सरकार तुम्हाला धरून मिसळवणार. याला निवड म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पंचायतीत अर्धे इकडे, अर्धे तिकडे झाले आणि शेवटचा हात विर्वेचा उरला. ओढत नेण्यापेक्षा आपल्या पायांनी गेलेलं बरं, निदान रस्ते आणि शाळा यांच्याबद्दल दोन अटी तरी घालता येतील, असं तिला वाटलं. तिने हात वर केला. शाळेची अट पाळली गेली. रस्त्यांची कागदावर राहिली.

त्याआधी गावाची सभा झाली होती. तिथे मागच्या बाकावरून एन्देलकाका उठले होते. जंगलकामगार माणूस, आयुष्यात सभेत कधी बोलला नव्हता.

"मला दोनच गोष्टी विचारायच्यात," ते म्हणाले. "माझ्या वाटेवरचा बर्फ कोण काढणार? आणि माझ्या नव्वदाव्याला कोण येणार?"

सगळं सभागृह हसलं. विर्वेही हसली होती. "कोणीतरी येईलच की, काका! माझा शब्द."

"कोणीतरी म्हणजे कोणी नाही, पोरी," असं म्हणून ते खाली बसले होते.

आमच्याकडे वाढदिवसाला बोलवत नाहीत, वाढदिवसाला येतात. ज्याचा वाढदिवस, त्याने टेबल मांडायचं, कॉफी चढवायची आणि खिडकीशी बसायचं. ज्याला आठवण आहे तो येतो. 'या हं' म्हणणं म्हणजे आठवण मागून घेणं, आणि तेवढी लाचारी कोणी करत नाही. आणि पंचायतीची रीत अशी, की म्हातारं माणूस ऐंशीचं झालं, पंच्याऐंशीचं झालं, नव्वदीचं झालं, की सरपंचाने स्वतः फुलं आणि वेणी घातलेला गोड पाव घेऊन जायचं. नव्वदीनंतर दरवर्षी. तिथे कोणी किती उरलंय याचा हिशेब करत नाही, पण कारण सगळ्यांना माहीत असतं.

विर्वेने नव्या पंचायतीत फोन केला होता, नाही असं नाही. फोनवर कैर्तू नावाची मुलगी होती, वृद्धांचं खातं बघणारी. गोड बोलली. "आम्ही आता सगळ्या ज्येष्ठांचा एकत्र वाढदिवस करतो. मुख्यालयात. गाणी असतात, केक असतो. कार्ड पाठवलंय त्यांना. फोन करून नाव नोंदवलं की बस येते."

"आणि नाही नोंदवलं तर?"

"तर मग त्यांची इच्छा नाही असं आम्ही धरतो," कैर्तू म्हणाली. त्यात वाईट असं काहीच नव्हतं. तिला खरंच तसं वाटत होतं.

म्हणून विर्वे आर्वोच्या अंगणात उभी होती. आर्वोने बरीच कुरकूर केली. डिझेल काय आकाशातून पडतं का, नव्या साहेबांनी मला 'तुमची निविदा महाग आहे' म्हणून कळवलंय, आता त्यांनीच यावं फावडं घेऊन, आणि असंच बरंच काही. कुरकुरत कुरकुरतच त्याने ट्रॅक्टरच्या पुढे बर्फ ढकलायचं पातं जोडलं.

वाटेत ते ताइमीच्या दुकानापाशी थांबले. कुरेलात एवढं एकच दुकान. पाव, खिळे, औषधं, फुलं, सगळं तिथेच. ताइमीने सात ट्युलिप वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. गोड पाव विर्वेने पहाटे घरीच भाजला होता. ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये जागा एकाचीच. विर्वे दाराला चिकटून अर्धी बसली, मांडीवर पाव, काखेत फुलं. जंगलातल्या वाटेवर गुडघ्याच्या वर बर्फ होता. आर्वोचं कोपर एकदा जोरात तिच्या काखेत बसलं.

"लागलं का?"

"पुढे बघ."

एन्देलकाका खिडकीशीच होते. अंगात काळा सूट. बायको साल्मे गेली तेव्हा तोच घातला होता आणि सणालाही तोच. टेबलावर बटाट्याचं सॅलड होतं, राईच्या काळ्या पावावर खारवलेले छोटे मासे आणि अंड्याच्या चकत्या, आणि कप आठ. पूर्वी पंचायत यायची तेव्हा गाणाऱ्या बायकाही यायच्या, त्या हिशेबाने मांडलेले. विर्वेने ते आठ कप एकेक करून मोजले.

पण ती तयारीने आली होती. तिने पाठ ताठ केली आणि पूर्वीसारखंच भाषण सुरू केलं. "आदरणीय एन्देलकाका, कुरेला पंचायतीतर्फे…"

आर्वो दारात खोकला.

"…पंचायतीतर्फे तुम्हाला नव्वदाव्या वाढदिवसाच्या शुभेच्छा."

काकांनी चेहरा गंभीर ठेवून हात मिळवला, फुलं घेतली, कागद सोडला. मग ते थांबले. बोटाने एकेक देठ बाजूला केला.

"सहा आहेत," ते म्हणाले.

आमच्याकडे जिवंत माणसाला विषम फुलं देतात, मेलेल्याला सम. शेंबड्या पोरालाही हे कळतं. विर्वेला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "सात होती! काका, देवाशप्पथ सात होती!" तिने ट्रॅक्टरकडे धाव घेतली. सातवा केबिनच्या पायरीवर मान मोडून पडला होता.

"ह्याचं कोपर!" ती आर्वोवर ओरडली.

"लोखंडी केबिनीत फुलं कोण आणतं? बागेत फिरायला निघाली होतीस का?"

आणि एन्देलकाका हसायला लागले. हसता हसता त्यांना खोकला आला, खोकता खोकता ते खुर्चीत बसले आणि डोळे पुसू लागले. "नव्या पंचायतीने लवकरच आटपायचं ठरवलेलं दिसतंय माझं," ते म्हणाले. "काम भलतंच वेगात आहे म्हणायचं."

मग ते उठले आणि घड्याळामागून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. छान, चकचकीत, नव्या पंचायतीचं बोधचिन्ह असलेलं. "हे बघ. मलाच बोलावणं, तेही माझ्याच वाढदिवसाला. फोन करून नाव नोंदवा, म्हणे." त्यांनी कॉफी ओतायला घेतली. "मग तू कुठल्या पंचायतीतर्फे आलीस, विर्वे?"

विर्वेला खोटं पुढे रेटता आलं नाही. "कुठल्याच नाही," ती म्हणाली. "पंचायत नाहीच आता, काका. माझ्याच हाताने गेली. मी हात खाली ठेवला असता तर…"

"तर पुढच्या वर्षी गेली असती. मी होतो ना त्या सभेत. बस. खा."

ती बसली. आर्वोही टोपी काढून बसला. आठातले पाच कप रिकामेच राहिले, आणि त्यांच्याकडे कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या कपानंतर काका बोलते झाले. त्यांच्या एकविसाव्या वर्षी, सोव्हिएत राजवटीत, त्यांना आणि त्यांच्या आईला पंचायतघरासमोरून ट्रकमध्ये घालून सैबेरियाला नेलं होतं. आई तिकडेच राहिली, कायमची. आठ वर्षांनी ते एकटे परतले, तेव्हा त्याच पंचायतघरातल्या कारकूनबाईने काही न विचारता त्यांचं नाव परत लिहून घेतलं होतं आणि स्वतःच्या डब्यातला पाव त्यांना दिला होता.

"न बोलावता दोन प्रकारची माणसं येतात," काका म्हणाले. "एक न्यायला येणारी आणि दुसरी गोड पाव घेऊन येणारी. मी दोन्ही पाहिली. दुसरी येत राहिली की पहिल्यांची भीती कमी होते. म्हणून विचारलं होतं मी सभेत. तुम्हाला वाटलं, म्हातारा केकसाठी रडतोय."

विर्वेला त्या दिवशीचं आपलं हसणं आठवलं आणि लाज वाटली.

निघताना काकांनी सहातलं एक फूल उपसलं. "आता माझी पाच झाली, जिवंत माणसाची. हे एक तू घेऊन जा. सुकवून ठेव. मी गेलो की याला एक जोडीदार आण." ते तिच्याकडे बघून गालात हसले. "वाढदिवसाला मी कुणाला बोलवत नाही. पण त्या दिवशी मात्र नक्की ये."

"काहीतरीच बोलू नका," विर्वे म्हणाली, पण फूल घेतलं.

"आणि नव्वदीनंतर दरवर्षी असतं," दार लावता लावता ते म्हणाले.

"माहीत आहे मला."

 आमच्याकडे याहून जास्त बोलायची गरज नसते.

तो हिवाळा आर्वोने तागामेत्साची वाट फुकट साफ केली, शिव्या देत देत. पण शिव्यांवर डिझेल चालत नाही. शरद ऋतूत त्याने ट्रॅक्टर विकला आणि गावातल्या निम्म्या पुरुषांसारखा बोटीने फिनलंडला बांधकामावर गेला. विर्वेने पुन्हा कैर्तूला फोन केला. कैर्तू म्हणाली, की एकट्या घराच्या वाटेवरचा बर्फ काढायची मागणी दर हिवाळ्याला करावी लागते आणि ती त्या माणसाने स्वतः करायची असते. केली की लगेच यंत्र येतं. हेही खोटं नव्हतं.

विर्वेने काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "माझी वाट कुठे आहे हे त्यांना माहीत नाही का? बर्फ पडतो हे तरी माहीत आहे का?" त्यांनी फोन काही केला नाही. नव्वदीचा माणूस, त्याला हट्टी म्हणावं तर आपण सगळेच आलो त्यात.

जानेवारी सरता सरता विर्वे स्वतःच्याच पायरीवर घसरली आणि खुबा मोडून घेतला. तार्तू शहरातल्या इस्पितळात शस्त्रक्रिया झाली. तिथे पडल्या पडल्या ती दिवस विसरली नव्हती. वाढदिवसाच्या आदल्या संध्याकाळी तिने फोन हातात घेतला, काकांचा नंबर काढला आणि बघत राहिली.

सांगायचं तरी काय? 'मी उद्या येत नाही' म्हणायचं, तर बोलावलं कुणी होतं? बोलावणंच नाही, त्याला नकार कसा कळवायचा? तसं म्हणणं म्हणजे 'तुम्ही माझ्यासाठी टेबल मांडून बसणार, हे मला ठाऊक आहे' असं त्यांच्या तोंडावर सांगणं. नव्वदी ओलांडलेल्या अभिमानी माणसाला असं उघडं पाडायचं तिच्या जिवावर आलं. शिवाय तिला वाटलं, ताइमीने सांगितलंच असेल. कुरेलात कुणाचा खुबा मोडला तर बातमी संध्याकाळपर्यंत शेवटच्या घरात पोचते. ताइमी जाईलही बहुतेक. तिने फोन उशीखाली ठेवला.

ताइमीला वाटलं होतं, विर्वेने इस्पितळातून कुणाला तरी सांगून ठेवलं असेल. तिचा शब्द होता ना. आणि काका दुकानात आले असते तर ताइमीने खुब्याचंही सांगितलं असतं, पण वाटेवर एवढा बर्फ होता, की ते बरेच दिवस आलेच नव्हते. बर्फ पडायच्या आधी मात्र मासे, अंडी आणि कॉफी घेऊन गेले होते.

सगळ्यांना आठवण होती. कोणीही विसरलं नव्हतं. हे लिहिताना माझा हात जड होतो तो यासाठीच.

दोन दिवसांनी ताइमीच्या मनात काय आलं कोण जाणे, तिने दुकान बंद केलं, पायात स्की चढवल्या आणि तागामेत्साला निघाली. संध्याकाळी तिने विर्वेला इस्पितळात फोन केला. आधी बराच वेळ नुसती रडत होती.

"ताइमी? अगं, काय झालं? बोल ना!"

"वाटेत होते गं ते. वाटेतच." ताइमीचा आवाज पुन्हा फुटला. "फावडं शेजारी पडलेलं. घरापासून निम्मी वाट साफ केली होती त्यांनी. पायवाट नाही, विर्वे. रुंद. आर्वोने ट्रॅक्टर विकला हे ठाऊक असूनही, ट्रॅक्टर येईल एवढी रुंद."

विर्वेने फोन कानाशी घट्ट धरला.

"ओव्हरकोटाच्या आत काळा सूट होता. मी घरात गेले. टेबल मांडलेलं. मासे, पाव, सगळं. कप तीन."

"तीन," विर्वे म्हणाली.

"आणि फुलदाणीत पाणी भरून ठेवलेलं. चूल विझलेली, त्या पाण्याचा बर्फ झालाय गं."

विर्वेने फोन ठेवला आणि तोंडात चादरीचा बोळा कोंबून रडली. शेजारच्या खाटेवरच्या बाईने विचारलं, फार दुखतंय का, नर्सला बोलावू का. विर्वेने मान हलवून नको म्हटलं. एक फोन. फक्त एक फोन केला असता, लाज वाटली असती त्यांना, रागावले असते, कप आत ठेवले असते, पण फावडं घेऊन बाहेर पडले नसते. त्यांना उघडं पाडायला नको म्हणून ती गप्प बसली आणि तिनेच त्यांना बर्फात पाडलं. पंचायत बुडाली तेव्हा निदान सरकारकडे बोट दाखवता आलं होतं. इथे बोट दाखवायला दुसरं कोणीच नव्हतं.

मार्चमध्ये, जमीन खणण्याइतकी सैल झाल्यावर, पुरायचं ठरलं. विर्वे कुबड्या घेऊन सकाळीच ताइमीच्या दुकानात आली.

"एक ट्युलिप दे."

"एकच?" ताइमीने तिच्याकडे निरखून पाहिलं. "अगं, मयताला जोडी लागते. तुला काय झालंय?"

"दुसरा आहे माझ्याकडे. त्यांनीच दिलेला."

ताइमीने मग फूल गुंडाळून दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

स्मशानात माणसं थोडीच होती. आर्वो फिनलंडहून रातोरात आला होता, दाढी वाढलेली, टोपी हातात. नव्या पंचायतीतर्फे कैर्तू आली होती, मोठं पुष्पचक्र घेऊन. विर्वेने तिला पहिल्यांदाच पाहिलं. केवढीशी पोर, नाक लाल झालेलं, डोळे त्याहून लाल.

"आम्हाला कुणी कळवलं असतं तर…" कैर्तू म्हणाली आणि तिने नाक पुसलं. "मी स्वतः आले असते. खरंच आले असते. फक्त कुणी कळवायला हवं होतं."

आर्वो काहीतरी तिखट बोलणार होता, पण विर्वेने त्याला अडवलं. "मी तरी कुठे कळवलं, बाळ," ती म्हणाली आणि कुबडी बगलेत धरून कैर्तूचा गारठलेला हात थोडा वेळ आपल्या हातात ठेवला.

माती टाकून झाल्यावर ती पुढे झाली. वर्षभर स्वयंपाकघराच्या खिडकीत उलटा टांगून सुकलेला ट्युलिप तिने कोटाच्या आतल्या खिशातून काढला. रंग गेला होता, देठ काडीसारखा झाला होता. त्याच्या शेजारी तिने आजचं ताजं फूल ठेवलं. वाकता येत नव्हतं, म्हणून आर्वोने तिला दंडाला धरून खाली केलं.

"दोन झाली, काका," ती म्हणाली. "मोजून घ्या."

आयुष्यात त्या माणसाने कुणाला एकदाच बोलावलं होतं, आणि त्या बोलावण्याला मात्र ती वेळेवर आली होती.